चाकरीचे धर्मसंकट

इ.स. १९९८ मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या ‘मेटल गिअर सॉलिड’ या व्हिडिओ गेमचा नायक स्नेक हा निवृत्त सैनिक आहे. अलास्काच्या एकांतात राहणाऱ्या या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध पुन्हा सरकारी कामगिरीवर आणले जाते, आणि कामगिरी पुढे सरकते तसतसे त्याच्या ध्यानात येते की ज्यांनी त्याला पाठविले त्यांनीच त्याच्यापासून सत्य दडविले आहे. त्याच्या नकळत त्याच्या शरीरात घातक विषाणू सोडून त्यालाच शस्त्र बनविण्यात आले आहे. आपण कोणाची सेवा करतो, कशासाठी करतो, हा प्रश्न मग त्याच्या बरोबरीने खेळणाऱ्यालाही टाळता येत नाही. व्हिडिओ गेम हा वाङ्मयप्रकार मानावा की नाही, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. लक्षणीय आहे ती एवढीच गोष्ट की, नाइलाजाने राजसेवा करणारा माणूस तेथे संकोच न बाळगता कथेच्या मध्यभागी उभा केला आहे. मराठी ललित वाङ्मयाला हे धैर्य इतिहासाच्या संदर्भात क्वचितच झाले, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा बंगळूर शहरात आहे.

केंपेगौडाने इ.स. १५३७ मध्ये वसविलेले हे नगर १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत आदिलशाहीकडे आले आणि शहाजीराजे भोसले यांचे ठाणे झाले. राजे येथे स्वेच्छेने आले, असे म्हणणे कठीण आहे. निजामशाहीच्या दरबारात १६२९ मध्ये सासरे लखुजी जाधवांचा खून झाला; त्यानंतर राजांनी काही काळ मोगलांची चाकरी पत्करली व सोडली; पुढे निजामशाही वंशातले एक मूल गादीवर बसवून बुडते राज्य तोलून धरण्याचा उद्योग केला. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशहा यांचा तह झाल्यावर माहुलीस तो उद्योग संपला. आदिलशाहीची चाकरी पदरी आली ती या पराभवातून, आणि तीही मुलखापासून दूर, कर्नाटकात. पत्नी आणि धाकटा मुलगा पुण्याच्या जहागिरीत. ती जहागीर पुन्हा त्याच बादशहाच्या मर्जीतली. स्नेकला अलास्कात गमावण्यासारखे फारसे काही नव्हते. शहाजीराजांच्या नकाराची किंमत मात्र हजारो घोडेस्वारांना आणि दोन घरांना द्यावी लागली असती.

या माणसाच्या मनात काय चालले असेल, हे सांगणारे वाङ्मय त्याच्याच दरबारी निर्माण झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. जयराम पिंड्ये या कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’ बंगळूरच्या याच दरबाराचे चित्र रेखाटतो. कवीने पहिल्या भेटीत राजांपुढे बारा नारळ ठेवले, कारण त्याला बारा भाषांत रचना करता येत होती, असे सांगितले जाते. भारतीय भाषांच्या अभ्यासकाला या ग्रंथाचे अप्रूप वाटावे, यात नवल नाही. मुख्य डोलारा संस्कृताचा, आणि अखेरीस देशी भाषांची गर्दी: एका सरदाराच्या सदरेवर एवढ्या भाषा एकत्र बसल्याचे उदाहरण सतराव्या शतकात सहजी सापडणार नाही. परंतु स्तुतिकाव्याला नायकाचा संदेह परवडत नाही. जयरामाचे राजे दाते आहेत, शूर आहेत, रसिक आहेत. ते कोणाचे चाकर आहेत, ही गोष्ट मात्र त्या वैभवाच्या झगमगाटात पुसट होते. बारा भाषांपैकी एकीतही तेराव्या प्रश्नाला जागा नाही.

वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये हा ग्रंथ प्रदीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला आणि शहाजीराजांना विस्मृतीतून बाहेर काढले. त्यांचे हे ऋण मोठेच आहे. तथापि, त्या प्रस्तावनेचा रोख राजांच्या राजकारणात पुढील स्वराज्याची बीजे शोधण्याचा आहे, आणि तेथपासून मराठी मनाला एक सोयीची वाट सापडली. चाकरी ही वरवरची, अंतर्यामी स्वराज्याचा संकल्प, असे एकदा ठरविले की धर्मसंकट शिल्लकच राहत नाही. उलट पक्षाने राजांना केवळ परसत्तेचे सरदार ठरविले, तेव्हाही ते शिल्लक राहिले नाही. दोन्ही बाजूंनी निकाल तेवढा दिला. मधला माणूस कोणी पाहिला नाही.

आश्चर्य असे की, हाच मराठी वाचक पुराणकथेत अशा माणसाला हृदयाशी धरतो. युद्धारंभी युधिष्ठिर निःशस्त्र होऊन वडीलधाऱ्यांपुढे जातो, तेव्हा आपण कौरवांच्या अर्थाने बांधले गेलो आहोत, अशी कबुली भीष्म देतात. द्रोण आणि कृपही तेच सांगतात. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ (१९७३) या कादंबऱ्यांनी तर खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या कर्णाला घरोघरी पोहोचविले. अंगदेशाचा राजा हस्तिनापूरशी बांधलेला असला तर ती शोकांतिका. बंगळूरचा जहागीरदार विजापूरशी बांधलेला असला तर मात्र लपवावी किंवा समर्थावी अशी अडचण! याच देसाईंच्या ‘श्रीमान योगी’त (१९६८) शहाजीराजे येतात ते पुत्राच्या चरित्राचे अंग म्हणून. पुत्राच्या तेजात पित्याकडे पाहण्याची सवय एवढी मुरली आहे की, पित्याला स्वतःचा अंधार असू शकतो, हेच सुचत नाही.

कन्नडात असे झाले नाही. मास्ती वेंकटेश अय्यंगार यांची ‘चिक्कवीर राजेंद्र’ (१९५६) ही कादंबरी १८३४ मध्ये कोडगूचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले, त्या काळावर आहे. तिचा खरा गाभा दुष्ट राजा नसून त्याचे मंत्री आहेत. राजा असह्य, पण त्याच्या सेवेची शपथ घेतलेली. प्रजा आपली, पण तिला सोडविण्याचा मार्ग परक्यांच्या दारातून जाणारा. बोपण्णाने शेवटी जे केले ते मास्तींनी गौरविलेही नाही आणि धिक्कारलेही नाही. स्वतः मास्तींनी म्हैसूर संस्थानच्या मुलकी सेवेत उमेद घालविली होती आणि कनिष्ठाला वर चढविल्यावर राजीनामा दिला होता. सरकारी चाकरीत स्वाभिमान कोठे दुखतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसावे. गवीपुरातल्या त्यांच्या घरापासून बंगळूरच्या जुन्या पेठा फार लांब नाहीत.

शहाजीराजांच्या बाबतीत सामग्रीची उणीव आहे, असेही नाही. अली आदिलशहाला धाडलेल्या एका पत्रात, आपण राजपूत आहोत, आजवर अनेक दरबारांत सेवा केली पण अपमान सोसून केली नाही, अशा आशयाचा मजकूर आहे. चाकरी सोडण्याची ही धमकी म्हणावी की ती टिकविण्याची धडपड? उत्तर एकच असण्याचे कारण नाही. पुत्राच्या उचापतींचा जाब विचारला गेला तेव्हा, शिवाजी आपणापासून पळून गेला, तो आपल्या आज्ञेत नाही, असे उत्तर राजांनी दिल्याचे सभासद बखर सांगते. या वाक्यात मुत्सद्देगिरी किती, निराशा किती आणि लपविलेला अभिमान किती, याची वाटणी इतिहासकाराला करता येणार नाही. कादंबरीकाराला करावी लागेल.

त्याहून अवघड प्रसंग १६४८ चा. जिंजीजवळच्या छावणीत मुस्तफाखानाच्या हुकमाने राजांना कैद झाली, आणि पकडणाऱ्यांत बाजी घोरपडे हा मराठा सरदार होता. तोही चाकरच. पुढच्या वर्षी सुटका झाली ती पुत्राने कोंढाणा परत केल्यावर. बेडी घालणाऱ्या हातांनीच पुन्हा मानाची वस्त्रे दिली, आणि राजे विजापूरच्याच सेवेत परतले. १६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून मृत्यू येईपर्यंत पुढची सुमारे पंधरा वर्षे त्यांनी तीच सेवा केली. सुटकेनंतर विजापुराहून कर्नाटकाकडे निघालेल्या त्या स्वाराचा प्रवास, ज्याच्या मोकळ्या हातांची किंमत मुलाने एका किल्ल्याने चुकविली होती, मराठीत अद्याप कोणी लिहिलेला नाही.