वजन काट्यावर, सूर गळ्यात

गायनवर्गाचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम ठरतो. कोण काय गाणार याची यादी बाई वाचून दाखवतात. वर्गातली सर्वांत तयार मुलगी, विशारद झालेली, वय चोवीस-पंचवीस, हळूच म्हणते, "बाई, मला समूहगीतातच ठेवा. यंदा एकटीने नको." कारण विचारले तर घसा बरा नाही, ऑफिसात काम आहे, असे काहीतरी सांगते. खरे कारण गेल्या कार्यक्रमाच्या व्हिडिओत असते. तो कोणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. त्याखाली गाण्याबद्दल एक ओळ आली आणि तब्येतीबद्दल चार. "आधी पंधरा किलो उतरवते, मग गाते," असे तिने तेव्हा ठरवले. त्याला आता तीन वर्षे झाली. वजन दोनदा उतरले, दोनदा चढले. रियाज तेवढा बंद पडला.

अशी मुलगी बहुतेक प्रत्येक गायनवर्गात सापडते. मुलगेही असतात, ते बोलत नाहीत एवढेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील जवळपास चौथा हिस्सा स्त्रिया आणि त्याहून किंचित कमी पुरुष जास्त वजनाचे आढळले. म्हणजे गाणाऱ्यांतही चारांतला एक तसा असणारच. त्याने गावे की थांबावे, हा प्रश्न वैद्यकशास्त्राला विचारला तर उत्तर सरळ आहे. वजनावर उपचार करा, पण त्यासाठी गाणे थांबवू नका. या दोन गोष्टी एकमेकींना बांधण्याला शास्त्रात आधार नाही.

याबाबत दोन समजुती आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. एक म्हणते, जाड माणसाचा आवाज मोठा आणि भरदार असतो. दुसरी म्हणते, जाड माणसाला दम पुरत नाही, तो काय गाणार? दोन्ही तपासून पाहायला हव्यात.

आवाज तयार होतो तो कंठातल्या दोन स्वरतंतूंत. स्त्रियांमध्ये त्यांची लांबी साधारण एक ते दीड सेंटीमीटर, पुरुषांमध्ये त्याहून थोडी जास्त. फुफ्फुसांतून येणारी हवा त्यांना थरथरवते. स्त्री नेहमीच्या आवाजात बोलते तेव्हा हे तंतू सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा मिटतात आणि उघडतात. वरच्या सुरांत ही संख्या कित्येक पटींनी वाढते. या बारीक आवाजाला घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्यांत रंग आणि भरदारपणा मिळतो. या सगळ्या यंत्रणेत कमरेवरच्या चरबीला जागा नाही. युरोपातला ऑपेरा गायक मायक्रोफोनशिवाय साठ-सत्तर वाद्यांच्या वर ऐकू येतो, तेव्हा त्याचे श्रेय देहाच्या आकाराला दिले जाते. स्वीडनचे आवाजशास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी त्याचे खरे कारण दाखवून दिले. सरावाने घशाची पोकळी अशी घडवता येते की आवाजाची ताकद तीन हजार हर्ट्झच्या आसपास एकवटते आणि तिथे वाद्यवृंदाचा जोर कमी असतो. ही कमाई तालमीची आहे, वजनाची नाही.

दुसऱ्या समजुतीत थोडे तथ्य आहे. पोटात चरबी साठली की श्वासपटलाला खाली सरकायला जागा कमी पडते आणि साधा श्वास सोडल्यानंतर फुफ्फुसात उरणारा हवेचा राखीव साठा घटतो. वजन फार जास्त असेल तर हा फरक जाणवण्याइतका असतो. मांडी घालून बैठकीत बसल्यावर पोट वर दाबले जाते आणि अडचण वाढते. पण दमसास म्हणजे केवळ छातीत मावणारी हवा नव्हे. ती किती काटकसरीने सोडली जाते, यावर तो अधिक अवलंबून असतो, आणि ते रियाजाने येते. सडसडीत माणूसही पहिल्याच वर्षी लांब तान घेऊ शकत नाही.

आवाजाला खरा त्रास होतो तो वजनासोबत येणाऱ्या इतर तक्रारींमुळे. पोटातले आम्ल घशापर्यंत चढणे ही त्यातली मोठी. सकाळी आवाज जड, सारखे खाकरावेसे वाटणे, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे ही तिची लक्षणे. छातीत जळजळ दर वेळी होतेच असे नाही, त्यामुळे कित्येक जण महिनोन्महिने खडीसाखर आणि ज्येष्ठमध चघळत बसतात. दुसरी तक्रार घोरण्याची. झोपेत श्वास अडत असेल तर तोंडाने श्वास घेतला जातो, सकाळी घसा कोरडा पडतो आणि दिवसभर थकवा राहतो. तिसरी थायरॉइडची. ही ग्रंथी मंद झाली तर वजन वाढते आणि आवाजही घोगरा, खालचा होतो. इथे वजनामुळे आवाज बिघडलेला नसतो. दोन्हींचे कारण एकच असते आणि ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळते.

इथे डॉक्टरांनीही आपल्याकडे पाहायला हवे. जाड रुग्ण बाह्यरुग्ण विभागात आला की त्याची तक्रार पुरती ऐकण्याआधी "वजन कमी करा" हे वाक्य तोंडातून निघते. आवाज बसल्याची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला हेच ऐकायला मिळाले तर ती पुन्हा येत नाही. तिच्या स्वरतंतूंवर गाठ असेल तर ती तशीच राहते. आवाज तीन आठवड्यांहून जास्त काळ बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीतून कंठ पाहिलाच पाहिजे, रुग्णाचे वजन चाळीस किलो असो वा एकशे चाळीस. लठ्ठ व्यक्तींना हिणवण्याने त्यांचे वजन कमी होत नाही, उलट त्या उपचारांपासून दूर जातात, असे जगभरच्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये एकत्रित निवेदनाद्वारे सांगितले. वजनात आनुवंशिकतेचा वाटाही मोठा असतो. त्याला केवळ आळस किंवा खादाडपणा म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे.

पश्चिमेतील एक उदाहरण बोलके आहे. अमेरिकी सोप्रानो डेबोरा व्हॉइट यांची एका ऑपेरातली मुख्य भूमिका जगभर वाखाणली गेली होती. त्याच भूमिकेतून लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसने त्यांना वगळले. दिग्दर्शकाच्या मनात असलेला काळा पोशाख त्यांच्या अंगाला शोभणार नाही, हे कारण. २००४ मध्ये ही बातमी फुटली आणि मोठा वाद झाला. त्याच वर्षी त्यांनी जठराची शस्त्रक्रिया करून घेतली, वजन पंचेचाळीस किलोंहून अधिक उतरले आणि २००८ मध्ये त्या त्याच रंगमंचावर त्याच भूमिकेत परतल्या. गोष्ट सुखान्त वाटते. पण जड शरीराचा जो आधार श्वासाला आपोआप मिळत असे, तो आता जाणीवपूर्वक द्यावा लागतो, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले. त्यांच्याआधी पन्नासच्या दशकात मारिया कॅलास यांनी थोड्या अवधीत तीसेक किलो वजन उतरवले. नंतर त्यांचा आवाज लवकर उतरणीला लागला. त्याला वजन कारणीभूत होते की आवाजावर पडलेला अतिताण, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. यातून निघणारा धडा माफक आहे. वजन उतरले तर आवाज जातो असे नाही, पण शरीर बदलले की श्वासाची घडी पुन्हा बसवावी लागते. म्हणून गायकाने वजन सावकाश, आठवड्याला अर्ध्या ते एक किलोच्या बेताने, आणि रियाज चालू ठेवूनच उतरवावे.

घडते नेमके उलटे. ऑडिशनची तारीख कळली की पंधरा दिवस काकडी आणि लिंबूपाणी. कोणी थायरॉइड धड असताना थायरॉइडच्या गोळ्या घेते. त्याने छातीत धडधड होते, हात कापतात आणि गाताना सूरही थरथरतो. कोणी जेवण झाल्यावर बोट घालून उलटी काढते. हा गंभीर आजार आहे आणि प्रत्येक उलटीचे आम्ल स्वरतंतूंवरून जाते. कार्यक्रमाच्या दिवशी साडीखाली करकचून बांधलेला पट्टा तर गायिकेचा श्वासच अडवतो. वजनासाठी हल्ली निघालेल्या इंजेक्शनांचा काहींना उपयोग होतो, पण मळमळ आणि उलटी हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

याचा अर्थ वजनाकडे दुर्लक्ष करावे असा नाही. भारतीयांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनातही गाठतात, म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर स्त्रियांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर सावध व्हायला हवे. पण पाच ते दहा टक्के वजन उतरले तरी साखर आणि रक्तदाब सुधारतात. ऐंशी किलोच्या व्यक्तीला चार ते आठ किलोंनी आरोग्य मिळते. पडद्यावरच्या नायिकेसारखे दिसणे हे उपचाराचे उद्दिष्ट नव्हे. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, भरल्या पोटी रियाज नाही, रोज चालणे, पुरेशी झोप. या गोष्टी वजनाला आणि गळ्याला एकाच वेळी उपयोगी पडतात. मांडी घालून श्वास पुरत नसेल तर खुर्चीवर ताठ बसून खर्ज लावावा. त्याने घराण्याला बाध येत नाही.

राहिला प्रश्न बघणाऱ्यांचा. आपल्या चित्रपटांनी १९३५ च्या सुमारास पार्श्वगायन आणले आणि आवाज व देह वेगळे केले. गाणाऱ्याचा चेहराही न पाहता पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्याच्यावर प्रेम केले. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांनी तो देह पुन्हा मध्ये आणून बसवला. परीक्षक सुरांबरोबर कपडे आणि अंगकाठीवरही बोलू लागले. पाठमोऱ्या खुर्चीत बसून आवाज ऐकणारे परीक्षकही याच माध्यमात लोकप्रिय झाले. गावोगावच्या सुगम संगीत स्पर्धांना त्यासाठी खर्चिक खुर्च्या नकोत. पहिल्या फेरीपुरता एक पडदा पुरेल. आणि परीक्षकांच्या कागदावर सूर, लय, शब्दोच्चार, भाव एवढेच रकाने असावेत.

घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. मुलगी गाऊन खाली उतरली की पहिले वाक्य गाण्याबद्दल असावे. तब्येतीचे बोलणे दुसऱ्या दिवशी, चार लोक नसताना, आणि तेही "उद्यापासून दोघी चालायला जाऊ" असे असावे.

तीन वर्षे गळा बंद ठेवल्याने कोणाचेही वजन कमी झालेले नाही. पंचविशीतली ती तीन वर्षे मात्र रियाजातून गेली, आणि गाणाऱ्याला ती परत मिळत नाहीत. यंदाच्या यादीत तिचे नाव समूहगीतात लिहिण्याआधी बाईंनी पेन खाली ठेवावे आणि तिला एकदा कारण विचारावे. ती घसा बरा नाही म्हणाली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. घसा बरा निघाला तर तिला एकटीला गायला बसवावे.