ओहोटीला सातबारा नसतो

१९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि १९९१ नंतर ‘खुल्या’ झालेल्या अर्थव्यवस्थेचं महाद्वार ठरलं. पुढे जालना आणि वर्ध्याजवळच्या सिंदीला त्याची ड्राय पोर्ट आखली गेली. कस्टम तिथेच, सील केलेला कंटेनर थेट बंदराकडे. मालाच्या वाटचालीचा इतका बारीक विचार! बाईच्या पोटाचा?

उरणच्या कोळीवाड्यांत बैठकीला बसले की बायका आधी ओहोटीचं सांगतात. चिखलात उतरून निवट्या, कालवं काढायची, पाटी भरून बाजार गाठायचा. या कमाईला ना सातबारा, ना बोटीचा परवाना. भरावाखाली ती गेली. कमाईची नोंद नव्हती, म्हणून गेल्याचीही नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई द्यायला सांगितलं. लढून मिळवलेला निकाल, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण मोजलं ते ‘कुटुंब’. कुटुंबाचा पैसा कोणाच्या खिशात जातो, हे आपल्याला का शिकवायला हवं?

आता वाढवण. ७६,२२० कोटी रुपये, १,४४८ हेक्टर भराव. डहाणू प्राधिकरणाने १९९८ साली नाकारलेलं बंदर त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये मंजूर केलं! विरोध करायचा तर भरपाईचं बोलू नये, असं आपलेच काही साथी म्हणतात. मला ते पटत नाही. बाईचं नुकसान कागदावर आलं, तरच बंदराची खरी किंमत कळेल. मैत्रिणींनो, पाटीवाली, कालवं काढणारी, मासळी सुकवणारी, प्रत्येकीची स्वतंत्र नोंद हवी. सरकारी यादी येण्याआधी आपली यादी तयार करू.