सुरुवात अकरा वेळा, शेवट एकदाही नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा घरी आला होता. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' हा गेम उघडला आणि थोड्या वेळाने विचारले, "मामा, तुझी यात अकरा कॅरेक्टर्स आहेत. एकाचाही गेम संपलेला नाही. का?" मी नेहमीचे उत्तर दिले, "वेळ कुठे मिळतो रे!" त्याने स्टीमवर जाऊन माझे एकूण तास पाहिले. दीडशेच्या वर होते. एवढ्या तासांत हा गेम निदान दोनदा पूर्ण झाला असता. पोरगा पुढे काही बोलला नाही, पण माझे उत्तर खोटे आहे हे आम्हा दोघांनाही कळले.

मग खरे उत्तर काय? ते शोधायला हवे, कारण ही सवय माझ्या एकट्याची नाही. रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा. पात्र घडवायचे: वंश, क्लास, चेहरा, केस, नाव. पंधरा-वीस तास खेळायचे. मग वाटू लागते, तलवारवाला उगाच घेतला, जादूगार घ्यायला हवा होता. किंवा संभाषणात एखादे उत्तर चुकते, एखादा साथीदार नाराज होतो. लगेच 'न्यू गेम'. २०११ साली आलेल्या 'स्कायरिम'ची सुरुवात कैद्यांच्या घोडागाडीत होते आणि गाडी हेल्गेन गावात शिरच्छेदाच्या ओंडक्यापाशी जाऊन थांबते. लोकांनी हा प्रसंग इतक्या वेळा पाहिला की तो टाळून दुसरीकडूनच गेम सुरू करून देणारी मॉड्स खेळाडूंना स्वतः तयार करावी लागली. म्हणजे शेवट कंटाळवाणा म्हणून नव्हे, तर सुरुवात पाठ झाली म्हणून!

दोष एकट्या खेळाडूचा नाही

यावर ठरलेला आरोप असा की, ही पिढीच चंचल आहे, हिला कशातच चिकाटी नाही. हा आरोप मला मान्य नाही. माणसाला दोष देणे सोपे असते; व्यवस्था कशी रचली आहे ते पाहायला कष्ट पडतात. इथेही आधी रचनाच पाहिली पाहिजे.

पहिली गोष्ट, हे गेम सर्वांत मोठा निर्णय सर्वांत आधी मागतात. जग पाहिलेले नाही, लढाई माहीत नाही, कोणते कौशल्य पुढे उपयोगी पडेल याचा पत्ता नाही आणि तेव्हाच विचारतात, तू कोण? 'डायब्लो २' हा गेम २००० साली आला. त्यात एकदा दिलेला स्किल पॉइंट परत घेता येत नसे. चुकीच्या जागी दिला की पात्र कायमचे अधू. ही सोय मिळायला २०१० साल उजाडले, तेव्हाच्या १.१३ पॅचपर्यंत थांबावे लागले. तोवर दहा वर्षे चुकीवर खात्रीचा इलाज एकच होता: नवे पात्र. हे चांचल्य म्हणायचे का? ही तर गेमनेच लावलेली सवय झाली.

दुसरी गोष्ट, कंपनीची मेहनत आणि खेळाडूचे बक्षीस, दोन्ही सुरुवातीला दाटलेले असतात. पहिल्या लेव्हल भराभर चढतात, दर अर्ध्या तासाने नवे काहीतरी हातात पडते. पुढे हीच गती मंदावते. 'बाल्डर्स गेट ३'चा पहिला अंक लॅरियन कंपनीने ऑक्टोबर २०२० पासून खेळायला दिला होता. पूर्ण गेम आला तो ३ ऑगस्ट २०२३ रोजी. म्हणजे जवळजवळ तीन वर्षे हजारो खेळाडू त्याच पहिल्या अंकात नवनवी पात्रे घेऊन फिरत राहिले. पूर्ण गेम आल्यावर पहिल्याच शनिवार-रविवारचा हिशेब कंपनीने जाहीर केला. त्यात खेळाडूंनी नुसत्या पात्र घडवण्याच्या पडद्यावर मिळून ८८ वर्षे घालवली होती.

तिसरी गोष्ट साधी आहे. आपल्याला नोकरी असते, घर असते. पन्नास-शंभर तासांचा गेम सलग होत नाही. तीन आठवड्यांनी परत बसावे तर कोणते बटण कशाला, कोणाला काय कबूल केले होते, काहीच आठवत नाही. लाजेपोटी आपण नवे पात्र काढतो, कारण नव्या पात्राला काही आठवावे लागत नाही.

एवढे सगळे रचनेच्या माथी मारून लेख संपवता आला असता. पण तेही अर्धेच उत्तर ठरेल.

शंभर नाण्यांत न मिळणारी गोष्ट

कारण आता चूक सुधारायची सोय आहे. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये विदर्स नावाचा एक मेलेला म्हातारा आपल्या तळावर येऊन राहतो. त्याला शंभर सोन्याची नाणी दिली की तो आपला क्लास बदलून देतो, गुण नव्याने वाटून देतो. योद्ध्याचा जादूगार, जादूगाराचा चोर, हवे ते. गेम पुन्हा सुरू करायची काही गरज नाही. तरीही लोक पुन्हा सुरू करतातच! मीही केले. याचा अर्थ काय? याचा अर्थ, आपल्याला पॉइंट खुपत नव्हते. खुपत होता तो आपला इतिहास. कुणाला तरी दिलेला शब्द आपण मोडला, कुणाला तरी वाचवू शकलो नाही, तो डाग आपल्याला नको होता. विदर्स अंगावरची कौशल्ये बदलून देतो. आपण काय केले ते पुसून देत नाही. 'न्यू गेम' पुसून देतो.

इथे माझे मत स्पष्ट आहे. गेम पुन्हा खेळणे आणि गेम पुन्हा सुरू करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आपण दुसऱ्या बाजूने तेच जग पाहतो. दुसऱ्यात आपण पहिल्या बाजूनेसुद्धा ते पाहिलेले नसते.

ऑर्झॅमारचा निकाल

ज्या गेममध्ये माझी अकरा पात्रे पडून होती, त्याचेच उदाहरण घेतो. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' हा कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा गेम २००९ साली आला. त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात सहा जन्म आहेत आणि प्रत्येकाची सुरुवात वेगळी. माणूस-सरदार, जादूगार, रानातला एल्फ, शहरातला एल्फ, बुटक्यांचा राजपुत्र आणि बुटक्यांमधला 'कास्टलेस'. हा शब्द मी लावलेला नाही, गेमचाच आहे. आपल्या भाषेत अवर्ण.

बुटक्यांचे भूमिगत शहर ऑर्झॅमार जातींवर उभे आहे. सरदार, योद्धे, लोहार, व्यापारी, नोकर. अपत्याची जात ठरते ती आई किंवा बापावरून: मुलगा बापाच्या जातीचा, मुलगी आईच्या. या सगळ्यांच्या बाहेर अवर्ण. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण गोंदलेली. त्यांना कोणताही मानाचा धंदा नाही. त्यांची वस्ती वेगळी. खुद्द दगडाने त्यांना नाकारले आहे असे तिथले धर्ममत. आपले पात्र याच वस्तीतले. एक दिवस एका दारू पिऊन पडलेल्या योद्ध्याचे चिलखत चढवून ते मानाच्या आखाड्यात उतरते आणि जिंकत जाते. मग ओळख उघडी पडते. लढाई जिंकली याला काही किंमत नाही, आखाडा विटाळला हा गुन्हा. रिंगणात उतरलेल्याला कुळ विचारायची रीत आपल्याला कुणी नव्याने समजावून सांगायला नको.

ही सुरुवात मी चार वेळा खेळलो आहे. चारही वेळा तीच चीड आली, चारही वेळा डंकनने तुरुंगाच्या वाटेवरून सोडवून ग्रे वॉर्डन म्हणून नेले तेव्हा तोच आनंद झाला. आणि चारही वेळा पुढे ऑस्टगार, लोदरिंग करत कुठेतरी मी त्याला सोडून दिले. राजपुत्र करून पाहू, एल्फ करून पाहू.

या वेळी भाच्याच्या प्रश्नाने टोचणी लागली म्हणून बारावे पात्र काढले नाही. त्या चारांतला सर्वांत वाईट घडलेला अवर्ण उघडला, पॉइंट नको तिथे उधळलेला, आणि त्यालाच पुढे नेले. दीड महिना लागला. आणि मला कळले की ज्या सुरुवातीला मी कथा समजत होतो ती केवळ तक्रार होती. सुनावणी आणि निकाल पुढेच होते.

तोच अवर्ण ग्रे वॉर्डन होऊन ऑर्झॅमारला परत येतो. ज्या शहराने त्याला तुरुंगात टाकले त्याला आता त्याची गरज आहे. तरी चेहऱ्यावरची खूण काही जात नाही आणि बघणाऱ्याची नजरही लगेच बदलत नाही. बहीण रिका राजवाड्यात भेटते. तिला राजपुत्र भेलेनपासून मुलगा झाला आहे, म्हणून तिचे आणि आईचे दिवस पालटले. मुलगी झाली असती तर ती आईच्या वळणावर, म्हणजे अवर्णच गेली असती. आणि लेस्क! पहिल्या दोन तासांत जो आपल्या खांद्याला खांदा लावून लढला तो जिवाभावाचा मित्र वस्तीतल्या गुंडांच्या टोळीत शिरलेला असतो आणि आपल्यावरच शस्त्र उचलतो. चार वेळा मी त्याला मित्र म्हणूनच सोडून आलो होतो. मी निघून गेल्यावर त्या वस्तीत मागे राहिलेल्याचे काय झाले, हे मी एकदाही पाहिले नव्हते.

मग राजा निवडायचा असतो. एकीकडे हॅरोमाँट: सभ्य, शब्दाचा पक्का, परंपरा जपणारा. दुसरीकडे भेलेन: कपटी, सत्तेसाठी सख्ख्या भावाच्या रक्ताने हात माखलेला. कुणाला निवडाल? परिणाम गेम अगदी शेवटी सांगतो. सभ्य हॅरोमाँटच्या राज्यात जातीची बंधने आणखी आवळली जातात. कपटी भेलेन ती सैल करतो आणि त्याच वेळी सरदारांची सभा मोडून एकट्याच्या हातात सत्ता घेतो. सभ्यपणा आणि न्याय एकाच घरी नांदतात असे नाही. आणि न्याय देणाऱ्या हुकूमशहाला काय म्हणायचे हा प्रश्नही गेम आपल्या पदरात टाकून मोकळा होतो. दहा-बारा तासांवर गेम सोडणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. शहरातल्या एल्फचेही तसेच. त्याची तटबंद वस्ती पुन्हा उघडते ती गेमच्या उत्तरार्धात, आणि तेव्हा कळते की तिथली माणसे गुलाम म्हणून परदेशी विकली जात आहेत. त्यांत आपला बापही असतो.

आणि नेमके इथेच नव्या पात्राला खरा अर्थ येतो. हे सगळे पाहून झाल्यावर बुटक्यांचा राजपुत्र होऊन खेळा. तोच भेलेन आता तुमचा धाकटा भाऊ असतो आणि मोठ्या भावाच्या खुनाचा आळ तुमच्यावर घालून तुम्हाला हद्दपार करवतो. अवर्णाला ज्याच्यामुळे घर मिळाले, त्यानेच राजपुत्राचे घर उद्ध्वस्त केले. जन्म बदलला की एकच माणूस किती वेगळा दिसतो, हे समजायला दोन्ही बाजू शेवटापर्यंत जगाव्या लागतात.

दोन आक्षेप

काही मित्र म्हणतील, गेम माझा, पैसे माझे, मला सुरुवातच आवडते, तुम्हाला काय त्रास? काही त्रास नाही. 'डायब्लो'सारख्या गेमचे सीझन नव्याने सुरुवात करण्यासाठीच आखलेले असतात आणि त्याचा आनंद घेणाऱ्याला कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. माझा वाद त्यांच्याशी आहे जे दर नव्या पात्राच्या वेळी 'आता हा शेवटपर्यंत नेणार' असे स्वतःला सांगतात. मी त्यांच्यातलाच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्यक्ष आयुष्यात कुणालाच जन्म निवडता येत नाही. मग निदान गेममध्ये तो हवा तितक्या वेळा निवडला तर बिघडले कुठे? उलट ज्यांच्या वाट्याला जन्माने फक्त अडवणूक आली, त्यांना तर तो पडदा मोकळा श्वास वाटेल. हे मी नाकारत नाही. मलाही तो तसाच वाटतो. पण निवडलेला जन्म आपण वीस तासांत टाकून देत असू, तर आपल्याला हवा होता तो जन्म नव्हे, केवळ निवडण्याचा क्षण. जन्माचा हिशेब पहिल्या दृश्यात होत नसतो. त्या जन्माला पुढे काय करता आले आणि काय करू दिले गेले, यात तो होतो.

म्हणून उपदेश नको, एक साधी गोष्ट सांगतो. गेम बंद करताना वहीत दोन ओळी लिहा: कुठे होतो, कुणाला काय कबूल केले. तीन आठवड्यांनी परत बसाल तेव्हा अनोळखी वाटणार नाही. पात्र बिघडले तर बिघडलेलेच पुढे न्या. आणि नवे पात्र जरूर काढा, पण आधीच्याचा निकाल लागल्यावर.

भाच्याला मी फोन करून सांगितले, एक संपवला. तो म्हणाला, "मग आता उरलेले दहा?" मी म्हटले, त्यातला राजपुत्र आजच उघडणार आहे. भेलेनची दुसरी बाजू अजून शेवटापर्यंत ऐकायची आहे.