शहामृग पाठ आहे, मण्यार माहीत नाही



या ब्लॉगवर मी सहसा बीपी, शुगर, ताप, खोकला यांविषयी लिहितो. आज शाळेविषयी लिहिणार आहे. डॉक्टरचा शाळेशी काय संबंध, असे वाटेल. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

पावसाळ्यातली गोष्ट आहे. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) सकाळी आठच्या सुमारास एक आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आली. "पहाटेपासून पोट दुखते म्हनते जी. रातचं शिळं खाल्लं असन."

पोट तपासले, मऊ होते. जुलाब नाहीत, ताप नाही. पण मुलगा माझ्याकडे बघताना मान मागे टाकून बघत होता, कारण त्याच्या पापण्या वर उचलत नव्हत्या. "झोप नाही झाली त्याची," आजी म्हणाली. रात्री कुठे निजला होता, असे विचारले. "खालीच, चटईवर." अंगभर शोधूनही दाताची खूण सापडली नाही. तरी पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या एवढे जुळून आले की आमच्या भागात एकच संशय घ्यायचा असतो: मण्यार. सर्पविषावरचे इंजेक्शन सुरू करून त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. दोन दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. वाचला.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा तपासणीसाठी आला. माझ्या खोलीत मुलांना रमवण्यासाठी प्राण्यांचा तक्ता लावलेला होता. त्याने धडाधड नावे सांगितली. सिंह, जिराफ, झेब्रा, कांगारू, शहामृग. मी कौतुक केले आणि सहज विचारले, "त्या रात्री तुला काहीच कळले नाही का रे?" तो म्हणाला, "पायाला काहीतरी थंड लागलं होतं. मग मुंगी चावल्यासारखं झालं." "मग आजीला का नाही सांगितलेस?" त्याचे उत्तर मी विसरलेलो नाही. "मला वाटलं, साप चावला तर खूप दुखते."

मण्यारचा दंश फारसा दुखत नाही, ही एवढी एकच गोष्ट त्याला ठाऊक असती, तर त्याने रात्रीच आजीला उठवले असते. आमचे कित्येक तास वाचले असते. आफ्रिकेतले प्राणी त्याला पाठ होते, घराच्या कुडातला प्राणी माहीत नव्हता.

माझे म्हणणे एवढेच

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या पहिली ते चौथीच्या मुलांसाठी प्राण्यांचा धडा हा आरोग्याचाच धडा आहे. तो अंगणापासून सुरू व्हावा. शहामृग आणि जिराफही शिकवा, मुलांना जग कळले पाहिजे. पण आधी दारातले प्राणी, मग दूरचे.

यासाठी नवा विषय आणायची गरज नाही. पर्यावरणाचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांत सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे. आपल्याकडे प्राथमिक शाळेत 'परिसर अभ्यास' आहे. तिसरीला तर जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे पुस्तक काढण्याची पद्धत बालभारतीने पाडली. जागा आहे, तास आहे, शिक्षकही आहेत. त्या तासात कोणता प्राणी बसवायचा, एवढाच प्रश्न आहे. माझी यादी छोटी आहे.

१. साप

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. आपल्या सरकारने २०२४ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे उद्दिष्ट आहे. हे काम एकट्या दवाखान्यांनी होणार नाही.

चौथीपर्यंतच्या मुलाला पुढील गोष्टी सहज समजतात. बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण शेतातले उंदीर खाते, तिला मारायचे नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांपासून लांब राहायचे. ओळखता आले नाही तर सगळ्यांपासूनच लांब राहायचे. सरपणाच्या ढिगात, बिळात हात घालायचा नाही. रात्री बाहेर जाताना हातात टॉर्च हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुखो वा न दुखो, काही चावल्यासारखे वाटले तर त्याच क्षणी मोठ्या माणसाला उठवायचे.

मोठ्यांसाठी दोन ओळी. दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हाड मोडल्यावर जसा आधार देतो तसा देऊन तो हातपाय हलू न देता रुग्णाला दवाखान्यात आणा. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: सर्पविषावरच्या इंजेक्शनचा डोस लहान मुलाला मोठ्या माणसाइतकाच लागतो. साप लहान मूल बघून विष कमी सोडत नाही, आणि तेवढेच विष लहान शरीरात लवकर भिनते. म्हणून मुलांच्या बाबतीत घाई जास्त हवी.

२. कुत्रा

पहिलीच्या पुस्तकात कुत्रा इमानी असतो, घर राखतो. बरोबर आहे. पण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लक्षणांआधी योग्य उपचार झाले तर तो जवळजवळ हमखास वाचतो. इतका सरळ हिशेब दुसऱ्या क्वचितच आजारात असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते संशयित प्राणी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्ण १५ वर्षांखालची मुले असतात. पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जी लस पहिल्यांदा माणसाला टोचली, तो जोसेफ माइस्टरही नऊ वर्षांचाच मुलगा होता.

आमच्याकडे अडचण वेगळीच असते. मूल चावा लपवते. "कशाला गेला होतास तिकडे?" म्हणून बाप मारेल, ही भीती असते. माझ्याकडे आठ दिवसांनी आलेली मुले आहेत. म्हणून वर्गात तीन वाक्ये पाठ करून घ्यावीत: जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावायचा नाही. चावले, ओरखडले किंवा जखमेवर चाटले तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायचे. लगेच सांगायचे. आणि पालकांनो, सांगायला आलेल्या मुलाला रागावू नका. तुमच्या एका थपडेमुळे पुढचा चावा लपवला जाईल.

३. डास

डास हाही प्राणीच आहे, पण तक्त्यावर तो कधी दिसत नाही. गडचिरोली हा राज्यातल्या मलेरियाच्या सर्वांत मोठ्या जिल्ह्यांपैकी एक आहे. इथे वर्गातच प्रयोग करता येतो. डबक्यातले पाणी काचेच्या ग्लासात आणा. त्यातल्या काही अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या दिसतील. त्या ॲनाफिलीसच्या, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासाच्या. ज्या डोके खाली करून तिरक्या लटकतात त्या दुसऱ्या जातींच्या. मुले भिंग घेऊन तासभर हलत नाहीत. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायची, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही. ग्लासमधले पाणी मात्र शेवटी कोरड्या मातीत ओतायचे.

आणि मच्छरदाणी? ती नीट खोचून झोपले तर मलेरियाचा डास दूर राहतोच, शिवाय रात्री अंथरुणात शिरणारी मण्यारही दूर राहते. एका जाळीत दोन जीवघेणे प्राणी अडतात, हे ऐकल्यावर मूल घरी जाऊन आजीलाही मच्छरदाणीत झोपायला लावते.

४. वाघ, बिबट, अस्वल

ताडोबा हे १९५५ पासूनचे राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४ झाले. याचा आनंद आहे. पण २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांच्यासारख्यांची मुले आपल्याच जिल्हा परिषद शाळांत बसतात. त्या वर्गात 'वाघ आपला राष्ट्रीय प्राणी आहे' एवढ्यावर धडा संपवणे बरे नव्हे. वाघ पहाटे आणि सांजेला जास्त फिरतो, वाकून काम करणारे माणूस त्याला जनावरासारखे दिसू शकते, मोहफुले वेचायच्या दिवसांत अस्वलही त्याच झाडाखाली येते, एकट्याने आडोशाला जायचे नाही, दिसला तर पाठ करून पळायचे नाही, हे सगळे सांगायला हवे. वनविभागाचा १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असावेत.

ताडोबाच्या भोवतालच्या गावांतील मुलांना जंगलात नेण्याचा 'चला माझ्या ताडोबाला' हा वनविभागाचा उपक्रम मला म्हणूनच आवडतो. ज्या वाघामुळे घरचे सांजेला दार लावतात, तो वाघ मुलाने गाडीतून एकदा शांतपणे चालताना पाहावा. वाघाची दुसरी बाजूही त्याला कळते.

"मुले घाबरतील ना?"

एका शाळेत हे बोललो तेव्हा एका पालकांनी हा प्रश्न विचारला. प्रश्न योग्य आहे. सहा वर्षांच्या मुलाला रक्ताळलेली चित्रे दाखवू नयेत, मरणाच्या गोष्टी रंगवून सांगू नयेत. पण आमची मुले आधीच घाबरलेली असतात. साप डूख धरतो, दूध पितो, अशा गोष्टी ती ऐकतच वाढतात. माहिती मिळाली की भीती कमी होते आणि सावधपणा येतो. रस्ता ओलांडायला शिकवतो तेव्हा मुले ट्रकला घाबरतील, असे आपण म्हणतो का?

याचे चांगले उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे बाबा आमटेंनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना चालवला, आश्रमशाळा उभी राहिली, आणि शेजारीच अनाथ वन्यप्राण्यांचे घर झाले. शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश यांनी मागून घेतले, तिथून त्याची सुरुवात झाली. ज्या भागात पोटासाठी शिकार होते, तिथली मुले बिबट्या आणि अस्वले रोज पाहत शाळा शिकली. प्राण्याचा धाक बाळगायचा आणि त्याची काळजीही घ्यायची, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. मात्र एक विनंती आहे. त्यांचे प्राण्यांसोबतचे फोटो पाहून कोणी साप हातात धरू नये, आणि नागपंचमीला शाळेत जिवंत साप आणून दाखवणे तर पूर्ण बंद व्हावे. चित्र पुरेसे आहे.

शिक्षकांनीही मुलांना विचारावे

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. गोंडी, माडिया बोलणाऱ्या घरातले मूल पहिलीत येते तेव्हा ते जंगलाबद्दल कोरे नसते. कोणते कंद खायचे, कोणत्या पक्ष्याच्या ओरडण्याचा अर्थ काय, हे त्याला गुरुजींपेक्षा जास्त ठाऊक असते. पण पुस्तकातल्या मराठी नावांपुढे ते गप्प बसते आणि 'ढ' ठरते. 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' हा प्रश्न रोज विचारा. फळ्यावर दोन्ही नावे लिहा. गडचिरोलीतल्या बायकांचे झाडांविषयीचे ज्ञान ऐकून डॉ. राणी बंग यांनी 'गोईण' हे पुस्तक लिहिले. शिकलेल्या माणसाने आधी ऐकून घ्यायचे असते, हा मोठा धडा मला त्यातून मिळाला. दवाखान्यातही याचा उपयोग होतो. सापाचे गावातले नाव कळले की माझे निदान सोपे होते.

आजपासून काय करता येईल?

पालकांनी आज रात्री मुलाला एकच प्रश्न विचारावा: "काही चावल्यासारखे वाटले तर काय करशील?" उत्तर "लगेच उठवीन" असे येईपर्यंत दर आठवड्याला विचारा. शिक्षकांनी मृग नक्षत्रापूर्वी एक तास सापाला आणि एक तास डासाला द्यावा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरांना वर्गात बोलवा, त्या आनंदाने येतील. माझ्या तालुक्यातल्या शाळांनी मला बोलावले तर मीही येईन.

माझ्या खोलीतला तो जुना तक्ता मी काढला. आता तिथे आमच्याच भागातल्या प्राण्यांची चित्रे आहेत, खाली मराठी नावे आहेत आणि गोंडी नावांसाठी जागा रिकामी ठेवली आहे. ती नावे दवाखान्यात येणारी मुले भरतात. निम्मी भरून झाली आहेत.

काळजी घ्या, आणि मुलांचे बोलणे ऐकत जा.