जळकं ऑइल गॅरेजातच राहू द्या

कुत्र्याला खाज सुटली की यवतमाळात आधी गॅरेजवाला आठवतो, मग कृषी केंद्रवाला. पशुवैद्याची पाळी कुत्रं पार उघडंबोडकं झाल्यावर.

जळक्या ऑइलने लूत जाते, असं छातीठोक सांगणारे चांगले पदवीधर मला भेटतात. कुठली लूत, विचारलं की गप्प. सार्कोप्टिस नावाची डोळ्यांना न दिसणारी कीड कातडीत बोगदे खणून अंडी घालते. डेमोडेक्स केसांच्या मुळाशी राहते. बुरशी निराळी, पिसवांच्या लाळेची ॲलर्जी निराळी, गोचीड आणखी निराळा. कातडी ब्लेडने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय पशुवैद्यही छातीठोक बोलत नाही. आमचे पानठेल्यावरचे तज्ज्ञ रस्त्यापलीकडून निदान करतात. पिल्लाच्या तोंडावरचा डेमोडेक्सचा लहानसा चट्टा बरेचदा आपसूक जातो. श्रेय ऑइलला! अंग चाटता चाटता इंजिनातले जड धातू ज्याच्या पोटात गेले, त्या कुत्र्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

ऑइलवाले एकवेळ परवडले. फवारणीचं औषध चोळणाऱ्यांना काय म्हणावं? 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारताना 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले. विष कातडीतून आत शिरतं, हे आपण मढी मोजून शिकलो. कुत्र्याची कातडी तर माणसाहून पातळ. 'फिप्रोनिल कुत्र्याच्या औषधातही असतंच की,' असं ऐकवणारे आहेत. असतं, वजन पाहून, मोजून, मानेवर काही थेंब. कपाशीच्या डब्यात ते किती तीव्र आणि कशाकशात मिसळलेलं, ते लेबल वाचून मला सांगा.

बंगलेवाल्यांचं वेगळंच. 45 अंशांत हस्की पाळायची, रोज माणसाच्या शाम्पूने घासायची आणि खाजवू लागली की मेडिकलमधून स्टेरॉइडचं मलम आणायचं. खाज दबते, कीड आत मजेत वाढते.

उपचार अवघड नाही. वजनाप्रमाणे आयव्हरमेक्टिन, तेही पशुवैद्याच्याच हातून, कारण कोलीसारख्या जातींच्या काही कुत्र्यांच्या मेंदूवर ते जातं. किंवा फ्लुरालानरची गोळी. घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकदम औषध, खालचं पोतं गरम पाण्यात. खाज थांबली म्हणून औषध सोडू नका. अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंत किडीला साधारण 3 आठवडे लागतात.

कायदा? 1960 च्या कायद्याने जनावराला जाणूनबुजून अपायकारक पदार्थ देणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड 10 ते 50 रुपये. तेवढ्याचा आपण खर्रा थुंकतो.

कुत्र्याची दया येत नसेल तर पोरांची येऊ द्या. सार्कोप्टिस माणसावरही चढते. पोराच्या हातावर पुरळ उठलं की त्याला काही ऑइल फासणार नाही, डॉक्टरकडेच न्याल. त्याच दिवशी कुत्र्यालाही पशुवैद्याकडे न्या. कुत्रं बरं झाल्याशिवाय पोराची खाज पुन्हा पुन्हा येत राहील.