गिनीपिगचे केस गळतात तेव्हा

रायपूरच्या तात्यापारा भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. लेकीच्या वाढदिवसाला त्यांनी दोन गिनीपिग आणले, दोन्ही माद्या. पावसाळा सुरू झाला आणि एकीच्या पाठीवरचे केस पुंजक्यांनी गळू लागले. ती सारखी खाजवते, हात लावला की किंचाळते. त्यातच लेकीच्या मनगटावर गोल, लालसर चट्टा उठला. शेजारीण म्हणते, करंजाचं तेल चोळा. सासूबाई म्हणतात, ही पीडा आधी घराबाहेर काढा, बुढा तालाबजवळच्या बागेत सोडून या. लेक रडून जेवत नाही. ताई विचारतात, 'मी कुणाचं ऐकू?'

ताई, सोडून तर मुळीच देऊ नका. गिनीपिग हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या मुलखातला, हजारो वर्षं माणसाच्या घरात वाढलेला प्राणी. त्याला ना नीट लपता येत, ना पळता. बागेतल्या कुत्र्या-मांजरांपुढे त्याचा एक दिवसही निभाव लागायचा नाही. तेलही नको. चिकट अंग ती चाटणार, तेल पोटात जाणार आणि मूळ दुखणं तसंच राहणार.

केस गळणं हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. म्हणून आधी दोन गोष्टी पाहा: केस नेमके कुठले गळतात आणि खाज आहे की नाही.

पाठीवर, खांद्यांवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला केस गेले, कातडी जाड होऊन कोंडा पडू लागला आणि खाजेनं जीव हैराण झाला, तर बहुधा ती खरूज. तिचे किडे कातडीत बिळं करतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. खाज असह्य झाली तर आकडीसुद्धा येते. तुमच्या पत्रातली लक्षणं याच बाजूला झुकतात. केसांच्या मुळाशी बारीक, हलणारे किडे दिसले, तर त्या उवा.

नाक, डोळ्यांभोवती आणि कानांवर गोल टक्कल, वर खपली, खाज मात्र बेताची, असं असेल तर गजकर्णाची शंका घ्यावी. हा बुरशीचा रोग प्राण्याकडून माणसाला, त्यातही मुलांना, चटकन लागतो. खरूज आणि गजकर्ण एकाच वेळी असू शकतात. म्हणून लेकीचा चट्टा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात गिनीपिग आहे हे त्यांना आवर्जून सांगा.

मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले, पण खाज नाही, तर बीजकोशात गाठी असण्याचा संभव असतो. गाभण मादीचेही केस शेवटी शेवटी विरळ होतात. आणि कानामागचा छोटा उघडा ठिपका पाहून घाबरू नका, तो जन्मजात असतो.

हे सगळं ओळखण्यासाठी पशुवैद्य कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खरूज असेल तर बहुधा आयव्हरमेक्टिन देतात, तेही वजन करून, मोजून. एका मात्रेनं भागत नाही. किड्यांची अंडी मागे उरतात, म्हणून दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानं पुन्हा मात्रा लागते. दुसरी मादी धडधाकट दिसली तरी तिलाही औषध हवं. कुत्र्यासाठी आणलेलं किंवा माणसाच्या खरजेचं औषध अंदाजानं लावू नका. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तर नकोच. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन यांसारखी औषधं गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात आणि त्यातून जीवही जातो. रायपुरात गिनीपिगची माहिती असलेले डॉक्टर सापडले नाहीत, तर दुर्गजवळ अंजोरा इथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे विचारणा करा. मात्र तिनं खाणंच सोडलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आता खाण्याचं. माणसाप्रमाणे गिनीपिगलाही 'क' जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. १९०७ साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिक या शास्त्रज्ञांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही रोग झाला. या जीवनसत्त्वाची उणीव पडली की केस राठ होतात, सांधे सुजतात, जखमा भरत नाहीत आणि खरूजही लवकर बळावते. मोठ्या गिनीपिगला रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम पुरतं. तुमच्याकडे ज्याला जाम म्हणतात, त्या पेरूच्या १० ग्रॅमच्या फोडीत साधारण २० मिलिग्रॅम मिळतं. ढोबळी मिरची, कोथिंबीर, आवळ्याची छोटी फोडही चालेल. पाण्यात थेंब टाकून ठेवू नका, त्यांचा गुण लवकर जातो. मुख्य अन्न मात्र गवतच. लाल भाजी कधीतरी द्या, रोज नको.

तुमच्याकडे पिंजऱ्यात अंथरायला पैरा सहज मिळतो. पण पावसाळ्यात तो दमट होतो, बुरशी धरतो आणि त्यातून किडेही येऊ शकतात. तूर्त जुना पैरा फेकून द्या, पिंजरा धुऊन कडक वाळवा आणि खाली सुती कापड घाला. ते रोज बदला आणि गरम पाण्यात धुवा. दोघींना कोरड्या, हवेशीर जागी ठेवा.

उपचार संपेपर्यंत लेकीनं गिनीपिगला मांडीवर घेऊ नये, पण तिला पूर्ण दूरही करू नका. पेरूची फोड कापणं, दर आठवड्याला वजन वहीत लिहिणं ही कामं तिला द्या, आणि नंतर साबणानं हात धुवायला लावा. औषध योग्य लागलं तर खाज काही दिवसांत ओसरते, केस यायला मात्र काही आठवडे जातात. तोवर सासूबाईंनाही समजावून सांगा. त्यांची काळजी नातीसाठीच आहे, आणि नातीच्या चट्ट्यावर इलाज सुरू झाला की त्यांचा रागही निवळेल.