‘नेपथ्य पूरक’ : एका वाक्याविरुद्ध

मराठी नाट्यपरीक्षणाच्या शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसले आहे : ‘नेपथ्य, प्रकाशयोजना व संगीत पूरक.’ संहितेला पाच परिच्छेद, अभिनयाला तीन, आणि नटांच्या डोक्यावर टांगलेल्या शेकडो किलो वजनाला एक विशेषण. हे विशेषण कृपण आहे अशी आमची तक्रार नाही. ते असत्य आहे, ही आहे. जिच्यावाचून प्रयोग थोडा उणा वाटेल, ती गोष्ट पूरक. जी निखळली तर माणूस मरतो, तिला पूरक म्हणता येत नाही.

नाट्यशास्त्र आपण शिकवतो ते बहुधा सहाव्या अध्यायापासून, कारण तिथे रस आहे. दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या बांधणीचा, म्हणून तो ओलांडला जातो. वास्तविक त्या अध्यायात भूमी मोजण्याच्या सूत्राविषयी, म्हणजे एका साध्या दोरीविषयी, भरताने दाखवलेली सावधगिरी मुळातून पाहण्याजोगी आहे. दोरी कशाची वळावी हे तो सांगतो, ती तुटणारी नसावी असे बजावतो. ती मधोमध तुटली तर स्वामीचा मृत्यू आणि तिचे चार तुकडे झाले तर प्रयोक्त्याचा नाश, इथपर्यंत तो जातो. ती दोरी मापाची आहे, भार पेलण्याची नव्हे, आणि ही फळे शकुनाच्या भाषेत सांगितली आहेत, हे मान्य. तरीही क्रम विसरता येत नाही : रसचर्चेच्या आधी दोरीची चिंता आहे. ‘सूत्रधार’ शब्दाच्या व्युत्पत्तीवर तासच्या तास बोलणाऱ्या आपल्या अध्यापनाला मात्र खऱ्याखुऱ्या दोराशी काही कर्तव्य उरलेले नाही.

ज्या कामाला आपण ‘तांत्रिक बाजू’ म्हणून बाजूला सारतो, त्याचे स्वरूप तरी समजून घेऊ. मोठ्या कार्यक्रमाआधी दिव्यांचा ट्रस, ध्वनिक्षेपक, एलईडी पडदे जमिनीवर जोडले जातात आणि चेन-ब्लॉकने वर चढवले जातात. त्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे वजन, केबलींसकट, मांडावे लागते. पोलादी दोरात तुटलेल्या तारा, गंज किंवा मोड आहे का, शॅकलची पिन पक्की बसली आहे का, साखळीवर तिच्या सुरक्षित भाराची पट्टी आहे का, हे एकेक तपासावे लागते. दोराची क्षमता टांगायच्या वजनाच्या कित्येक पट ठेवतात, कारण स्थिर वजनाचा भार वेगळा आणि झटका बसलेल्या वजनाचा वेगळा. एक वजन दोन दोरांनी टांगले की प्रत्येकावर निम्मा भार येतो, ही समजूतही फसवी आहे. दोन दोरांमधला कोन १२० अंशांचा झाला की १०० किलोच्या वजनासाठी प्रत्येक दोरावर १०० किलोंचाच ताण येतो. कोन त्याहून रुंदावला तर त्याहूनही अधिक. म्हणून मुख्य आधाराखेरीज दुसरा, स्वतंत्र सुरक्षादोर लावायचा असतो, आणि वजन चढत असताना त्याच्याखाली कोणी उभे राहायचे नसते.

यात कसूर झाली की काय होते, याचे दाखले दूरचे आहेत आणि जवळचेही. १६ जून २०१२ रोजी टोरंटोत ‘रेडिओहेड’च्या कार्यक्रमासाठी उभारलेल्या मंचाचे छत, प्रेक्षकांसाठी दारे उघडण्याच्या थोडे आधी, कोसळले. मेला तो वाद्यवृंदाचा ड्रम-तंत्रज्ञ. पुढे त्या प्रकरणातला खटला २०१७ मध्ये दिरंगाईच्या कारणावरून थांबवण्यात आला. २८ जुलै २०२२ रोजी हाँगकाँगमध्ये ‘मिरर’ या गायकसमूहाच्या कार्यक्रमात टांगलेला पडदा नर्तकांवर पडला. सरकारी तपासात पोलादी दोर धातू थकून तुटल्याचे आणि टांगलेल्या साहित्याचे वजन प्रत्यक्षाहून कमी कळवल्याचे पुढे आले. जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादजवळच्या चित्रनगरीत एका कंपनीच्या रौप्यमहोत्सवात वरून उतरवल्या जाणाऱ्या पिंजऱ्याचा आधार एका बाजूने तुटला आणि कंपनीच्या प्रमुखाचा मृत्यू झाला. अशा प्रसंगांना आपण सहजपणे ‘दुर्दैव’ म्हणतो. परंतु कमी सांगितलेले वजन हे दैव नव्हे, ते वाक्य आहे. कोणीतरी लिहिलेले आणि कोणीतरी न वाचता पुढे सरकवलेले. खोट्या वाक्यांची पारख हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनी निदान इथे तरी मौन धरू नये.

हे मौन आपल्याकडे एका उदात्त कथेच्या आश्रयाने टिकले आहे. १९११ मध्ये कन्येच्या मृत्यूच्या दिवशीच बालगंधर्वांनी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला, ही कथा प्रत्येक नाट्यप्रेमी सांगतो, आणि तिच्यातून ‘प्रयोग थांबता कामा नये’ हा धर्म काढतो. त्या निष्ठेपुढे आम्हीही नतमस्तक आहोत. पण शोक बाजूला ठेवणे कलावंताच्या इच्छाशक्तीच्या स्वाधीन असते. दोराला इच्छाशक्ती नसते. उशिरा मिळालेले रंगमंदिर, अपुरी झोप झालेले कामगार आणि घाईत चढवलेले वजन यांवर तोच धर्म लादला, की निष्ठेचे रूपांतर दुसऱ्याच्या जिवावरच्या उदारपणात होते.

यावर म्हटले जाईल की हा अभियंत्यांचा प्रश्न आहे, साहित्याचा नव्हे. तसे असेल तर नाटकाला ‘प्रयोग’ म्हणणे आपण सोडून द्यावे आणि केवळ पुस्तके वाचावीत. ‘तो मी नव्हेच’मधल्या (१९६२) फिरत्या रंगमंचाचा उल्लेख आपण नावीन्य म्हणून करतो, तो फिरता ठेवणाऱ्या हातांविषयी मात्र आपल्याला कुतूहल नसते. दृश्याचे श्रेय घ्यायचे आणि त्याच्या भाराची चौकशी करायची नाही, ही रसिकता नव्हे.

शिवाय वाचकांपैकी जे प्राध्यापक आहेत त्यांना हा प्रश्न परका नाहीच. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या समितीवर बहुधा भाषाविभागाचीच माणसे असतात. मंडपवाल्याच्या आणि दिवेवाल्याच्या कागदावर सही त्यांचीच पडते. त्या सहीपूर्वी विचारण्याचे प्रश्न चारच आहेत : वर एकूण किती वजन जाणार, कशाला टांगणार, दुसरा आधार कोणता, आणि हे सारे कोणी व केव्हा तपासले. उत्तर लेखी नसेल तर सही करू नये, आणि तपासणीला वेळ उरला नसेल तर पडदा उशिरा उघडावा. परीक्षण लिहिणाऱ्यांनीही वर भार चढवणाऱ्यांची नावे विचारून छापावीत. इतके होईपर्यंत ‘पूरक’ हा शब्द नाट्यसमीक्षेतून रजेवर पाठवावा, अशी आमची मागणी आहे.